वाया गेलेला हंगाम

'हंगाम' हा शब्द मूळचा फारसी. पण आपल्या नगरी मुलखात तो असा मुरला आहे की कुणाला परका वाटत नाही. ज्वारीचा हंगाम, उसाचा गळीत हंगाम, लग्नाचा हंगाम आणि आता आयपीएलचा हंगाम. वाया गेलेला हंगाम कसा काढायचा, हे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. क्रिकेट पाहणाऱ्यांना मात्र ते शिकावं लागतं.

२०२२ सालची गोष्ट घ्या. मुंबई इंडियन्स म्हणजे पाच वेळा अजिंक्यपद मिळवलेला संघ. कर्णधार रोहित शर्मा. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान त्या वेळी संघाचा क्रिकेट संचालक. साखळीतले सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच, म्हणजे घरच्याच अंगणात. आणि हा संघ पहिले आठ सामने ओळीनं हरला!

कारणं होती. नव्या लिलावामुळे हार्दिक पंड्या, ट्रेंट बोल्ट, क्विंटन डी कॉक दुसरीकडे गेले होते. जोफ्रा आर्चरसाठी ८ कोटी मोजले, पण दुखापतीमुळे तो त्या वर्षी खेळणार नव्हता. ती पुढची बेगमी होती. रोहितला अख्ख्या हंगामात एक अर्धशतक झालं नाही. १४ पैकी ४ विजय आणि दहा संघांत दहावा क्रमांक. आमच्या नागापूरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी पोरं चहाच्या टपरीवर स्कोअरचं नाव काढेनाशी झाली.

पण गुणतक्त्यात सगळं मावत नाही. ९ मे रोजी कोलकात्याविरुद्ध जसप्रीत बुमराहनं अवघ्या १० धावांत ५ बळी घेतले, आणि तरीही संघ ५२ धावांनी हरला. हरलेल्या सामन्यात पडलेली म्हणून ती गोलंदाजी खोटी ठरते का? त्याच हंगामात तिलक वर्मा नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा आयपीएल खेळला आणि त्यानं ३९७ धावा केल्या. पीक बुडालं, पण बियाणं हाती लागलं.

हरण्यात खेळाडूची परीक्षा होते, असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्याहून मोठी परीक्षा आपली, पाहणाऱ्यांची होते. २०२४ मध्ये ती झाली. रोहितच्या जागी हार्दिक कर्णधार झाला, आणि घरच्याच वानखेडेवर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. १ एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना 'नीट वागा' असं माइकवरून सांगावं लागलं. संघ पुन्हा तळाला गेला. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक त्याच हार्दिकनं टाकलं, भारत जिंकला. ४ जुलैला वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. मैदान तेच, माणूस तोच. मध्ये फक्त तीन महिने.

राग येऊ नये असं नाही. पण तो काढण्याच्याही तऱ्हा असतात. अमेरिकेत, त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये, क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ २०१७ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने हरला. पुढच्या जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, चाहत्यांनी चक्क मिरवणूक काढली. स्टेडियमभोवती चालून मोठ्ठं शून्य काढलं, आपल्याच संघाची यथेच्छ थट्टा केली आणि त्या निमित्तानं शहरातल्या भुकेल्यांसाठी मदतही गोळा केली. संघ सोडून मात्र ते गेले नाहीत.

आपल्याकडे आयपीएलच्या आगेमागेच दहावी-बारावीचे निकाल लागतात. टीव्हीसमोर बसून हरलेल्या माणसाला आपण जे काही बोलतो, ते शेजारी बसलेलं पोर ऐकत असतं. उद्या त्याचे मार्क कमी पडले, तर घरी यायचं की नाही, हे ते त्यावरूनच ठरवणार आहे. तेव्हा पुढच्या हंगामात आपला संघ हरला, तर जरूर हळहळा, हवं तर टीव्ही बंद करा. पण तोंडातून शब्द काढण्याआधी शेजारी कोण बसलंय, तेवढं बघा.