फिरत्या घरातील आठ दिवस

(मंडळाच्या गुणगौरव समारंभात विश्रांतवाडी येथे केलेले भाषण)



आज येथे ज्या मुलामुलींचा सत्कार झाला, त्यांचे आम्ही प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. परंतु उभा जन्म हाती खडू धरल्यामुळे असा समारंभ आम्हांस दिवाळीसारखाच वाटतो. तथापि आज आम्ही एका अनुत्तीर्ण मुलाची हकीकत सांगणार आहोत. तो आमचाच नातू होय. त्याची संमती घेऊनच आम्ही बोलत आहोत.

गतवर्षी तो नववीत गणितात नापास झाला. शिक्षकाच्या घरात असे घडावे याची आम्हांस लाज वाटली आणि तीन आठवडे आम्ही त्याच्याशी अबोला धरला. त्याच सुमारास, मे महिन्यात, चिरंजीवांनी कोकणच्या प्रवासासाठी एक कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने ठरविले. निजण्याच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी, सारे एकाच गाडीत. आषाढी वारीत माउलींची पालखी आपल्या विश्रांतवाडीवरून पुण्यास जाते, तेव्हा दिंड्यांच्या ट्रकांतला संसार आपण पाहतोच. त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी. मात्र रुसून दार लावून बसावे, अशी खोली या घरात नसते.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळे, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत आम्ही बागमांडल्यास पोहोचलो, तो सावित्रीच्या खाडीवरील शेवटची फेरीबोट निघून गेलेली. उशीर आमच्याच रेंगाळण्याचा. धक्क्याजवळच मुक्काम पडला. उकाडा, डास आणि पिठले-भात! टाकीतले पाणी संपताच नातू कोणी न सांगता गावातून दोन कळशा भरून घेऊन आला. ‘शाब्बास’ म्हणावे असे मनात आले. जिभेवर मात्र आले नाही.

दुसऱ्या दिवशी पैलतीरी वेसवीस उतरून केळशी, आंजर्ले, हर्णै ही गावे केली. समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चाललेला. पुढे मुरूड लागले. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. आमच्यातील मास्तर जागा झाला. आम्ही सर्वांस सांगू लागलो, की येथून साताऱ्यापर्यंतची शंभर मैलांहून अधिक वाट कर्वे परीक्षेसाठी डोंगरातून पायी चालून गेले. परंतु वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. तेच कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९५८ साली भारतरत्न ठरले.

नातवाने हळूच विचारले, “आजोबा, ते परत आल्यावर घरचे त्यांच्याशी बोलले का हो?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले आणि मान वळविली.

त्या दिवशी दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून गुहागरास मुक्काम केला. रात्री वाळूत बसून आम्ही नातवाची क्षमा मागितली. तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, मला पाचवीपासून अपूर्णांकच कळलेले नाहीत. तुम्ही रागवाल म्हणून विचारलं नाही.” बंधूहो, शेकडो मुलांना आम्ही अपूर्णांक शिकविले आणि आमच्याच घरात हा मुलगा चार वर्षे भिऊन गप्प राहिला!

मग धडे सुरू झाले. तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीत आंब्याच्या फोडींवर, मालगुंडास केशवसुतांच्या जन्मगावी पाटीऐवजी वाळूवर. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. कोकणातील अशा कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. नातवाने तो हत्ती पावलांनी मोजला आणि प्रमाण धरून वहीत उतरविला. आंबा घाटाने आम्ही परत फिरलो, तेव्हा गाडीत त्याचीच बडबड चालली होती.

फेरपरीक्षेत काय झाले, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. कारण आमचे म्हणणे त्यावर अवलंबून नाही. मंडळास आमची नम्र विनंती एवढीच, की पुढील वर्षी या सभागृहात अनुत्तीर्ण मुलांसही निमंत्रण असावे, आणि आपल्यातील सेवानिवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी द्यावी. पहिले नाव आमचे लिहून घ्यावे. फिरते घर सर्वांनाच परवडेल असे नाही. परंतु अबोला सोडण्यास भाडे पडत नाही.