डोळ्यांचे दुसरे काम



अंध माणसाला दिवस काय आणि रात्र काय, असे आपण सहज बोलून जातो. रात्र झालेली त्याला कळते. घर निजते, रस्ता थंडावतो. कळत नाही ती, पुष्कळदा, त्याच्या शरीराला.

१९७७ साली स्टॅनफर्डच्या लफ्टन माइल्स आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एका अंध गृहस्थाची हकीकत छापली. नोकरी करणारा, मनाने ठणठणीत माणूस. पण काही दिवस झोप छान लागे, मग पुढचे काही दिवस रात्री टक्क जागा आणि दिवसा पेंग. तपासात त्याच्या शरीराचा दिवस २४.९ तासांचा निघाला. म्हणजे रोज ५४ मिनिटांचा उशीर. कोकणातल्या मंडळींना हा हिशेब ओळखीचा वाटेल, भरतीसुद्धा रोज जवळपास तेवढीच मागे पडते. संशोधकांच्याही ते नजरेतून सुटले नाही. मात्र लगेच पंचांग उघडू नका! दुसऱ्या कुणा अंधाच्या शरीराचे घड्याळ २४.५ तासांचे असते. तिथे चंद्राचे काही चालत नाही.

घड्याळ तुमचेही थोडे लांबच असते, सरासरी २४.२ तासांच्या आसपास. सकाळचा उजेड ते रोज जाग्यावर आणतो. हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दृष्टिचेता जिथे एकमेकींना ओलांडतात तिथेच वर बसलेले आहे. त्याला उजेडाची वर्दी देतात दृष्टिपटलातल्या मोजक्या पेशी, ज्यांत मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते. पाहण्याच्या कामी त्या फारशा येत नाहीत. २००२मध्ये त्यांची ओळख पटली, पण सुगावा आधीच लागला होता. १९९५मध्ये चार्ल्स झाइस्लर यांनी ११ अंधांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला. तिघांच्या रक्तातले मेलॅटोनिन झपकन उतरले. मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक. तिघांनाही उजेड जाणवत नव्हता. त्यांतल्या दोघांचे डोळे झाकून पाहिले, तर काहीच उतरले नाही.

म्हणून निकामी झालेला डोळा काढण्याआधी मी दहादा विचार करीन. दुखणे असह्य असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ‘दिसत तर नाहीच’ हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

ज्यांच्या डोळ्यांतून ही वर्दीच जात नाही, त्यांच्यासाठी उपाय आहे. २०००मध्ये ऑरेगॉनच्या रॉबर्ट सॅक आणि आल्फ्रेड ल्यूई यांनी सात अंधांना रोज निजण्याआधी १० मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिले. सहा जणांचे घड्याळ चोवीस तासांवर आले. पण ही झोपेची गोळी नव्हे. वाटेल तेव्हा घेतली तर फुकट. मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवायची, आणि मग रोज तीच पाळायची.

दवाखान्यात ‘झोप लागते का?’ एवढे विचारून भागत नाही. चांगल्या आठवड्यात विचारलेत तर रुग्ण खुशाल ‘हो’ म्हणेल. २४.५ तासांच्या घड्याळाला फेरा पुरा करायला ४८ दिवस लागतात. तेव्हा दोन महिन्यांची नोंद मागा, ब्रेलमध्ये किंवा फोनवर बोलून ठेवलेली: कधी डोळा लागला, कधी जाग आली, दुपारी किती वेळ पेंगलो.