पोटाचे दुखणे आणि आपले बोलणे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काही गोड बोलावे असा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला मात्र पोटाच्या दुखण्यावर बोलायला सांगितले आहे. आपण बायका डोकेदुखी, गुडघेदुखी चारचौघींत सांगतो. पण शौचाची तक्रार सांगायची म्हटली की पदर तोंडाला लागतो. या लाजेपायी कित्येकींचे दुखणे अंगावर निघते आणि पुढे जिवावर बेतते. म्हणून आज थोडा वेळ ती लाज बाजूला ठेवू या.

काही वर्षांपूर्वी दाढेच्या सुजेसाठी डॉक्टरांनी मला प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. दाढ बरी झाली, आणि आठवड्याभरात जुलाब सुरू झाले. दिवसातून बारा-पंधरा वेळा, सोबत ताप आणि कळा. अंगात उठायचेही त्राण उरले नाही. मला नागपूरला हलवले. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “गेल्या महिन्यात कोणती औषधे घेतलीत?” माझ्या सूनबाईने गोळ्यांचे रिकामे पाकीट जपून ठेवले होते, ते तिने पुढे केले. त्यावरून नेमकी तपासणी झाली आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू सापडला.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, आणि त्यांतले बहुतेक आपले राखणदार असतात. प्रतिजैविक रोगाच्या जंतूंबरोबर या राखणदारांनाही मारते. रान मोकळे सापडले की हा दांडगा जंतू माजतो आणि त्याच्या विषाने आतडे सुजते. १९७८ साली शास्त्रज्ञांना हा संबंध उलगडला. मात्र म्हणून प्रतिजैविके वाईट असे कोणी समजू नये. विषमज्वरासारख्या दुखण्यात तीच जीव वाचवतात. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ती घेऊ नयेत, आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे. पाकिटावर लाल उभी रेघ दिसली, की ते औषध चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, हे निरक्षर बाईलाही ओळखता येते.

बरी झाल्यावर माझ्या मनात एकच विचार घोळत राहिला. पाकीट जपणारे माणूस जिच्या घरात नाही, तिचे काय? तेव्हापासून मी आजारी बायकांबरोबर दवाखान्यात जाऊ लागले. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. एक वही बरोबर ठेवते. जुलाब कधीपासून, किती वेळा, रक्त पडते का, लघवी होते का, पाणी कुठले पितात, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, हे विचारून लिहिते आणि डॉक्टरांपुढे वाचून दाखवते. एका ठिकाणी मला “तुम्ही कोण?” असे दरडावून विचारले गेले. “हिची शेजारीण,” असे सांगून मी वही वाचली. पुढच्या खेपेला त्याच डॉक्टरांनी वही आपणहून मागितली.

रोवणीच्या दिवसांत एक बाळंतीण जुलाबांनी गळून गेली होती. घरच्यांनी तिचे पाणी बंद केले होते. पोटाला विसावा मिळेल अशी त्यांची समजूत. भगिनींनो, जुलाबात माणूस दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या पुरेनात, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजायला लावले, आणि तेही नातेवाइकांच्या हातून. तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. साखर आणि मीठ जोडीने असले, की आजारी आतडेही पाणी ओढून घेते. सारे मर्म यात आहे. आम्ही त्या बाळंतिणीला घोट घोट पाणी पाजत दवाखान्यात नेले. ती वाचली, बाळाचे दूधही तुटले नाही.

ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते. ती नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. लहान मुलांना सोबत चौदा दिवस झिंक द्यावे. शौचात रक्त पडले, लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा माणूस सुस्तावले, तर घरी वेळ काढू नये.

पाण्याची हेळसांड शहरालाही भोवते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात दूषित पाण्यातून पोटाचा संसर्ग पसरला आणि त्यामागून गुलियन-बॅरे या आजाराने कित्येकांचे हातपाय लुळे पडले. मग तळी-बोड्यांच्या आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात पाणी उकळून पिण्याचा कंटाळा करून कसे चालेल? आणि हात साबणानेच धुवा. मला झालेल्या रोगाचे बीज नुसत्या सॅनिटायझरने मरत नाही.

शेवटी आपल्या हक्कांविषयी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नियम दुरुस्त करून खाजगी दवाखान्यांत अशी सनद लावणे बंधनकारक केले. आजाराची माहिती, आपले कागद, दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत बाई असावी, हाही आपला हक्कच. तो भांडून नव्हे, नम्रपणे पण ठामपणे मागावा.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. प्रत्येक गल्लीतून दोघींनी नाव द्यावे. वही मी देईन, पहिल्या दोन खेपा बरोबर येईन. आजारी बाई आपले दुखणे स्वतः सांगू शकत नसेल, तर तिच्या वतीने सांगणारी एक शेजारीण तरी तिच्यापाशी असली पाहिजे.