कानाची शस्त्रक्रिया आणि परिचारकांचें संरक्षण

शस्त्रक्रियेच्या खोलींत धोका असतो तो रोग्याला, अशी आपली समजूत आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. टेबलाभोंवतीं उभे असणारे शल्यविशारद, भूल देणारे डॉक्टर व परिचारिका यांनाही धोका असतो. आणि कानाच्या शस्त्रक्रियेंत तो किती असूं शकतो याचा विचार २०२० सालच्या कोविडच्या सांथीनें सर्वांना करावयास लावला.

याचें कारण कानाच्या रचनेंतच आहे. पडद्यामागील पोकळी एका नळीनें नाकाच्या मागील भागाशीं जोडलेली आहे, आणि कानामागचें हाड मधाच्या पोळ्याप्रमाणें हवेच्या कप्प्यांनीं भरलेलें असतें. नाकांत शिरलेला विषाणु तेथवर पोंचावा यांत नवल नाहीं. अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स येथें २०२० सालीं कोविड झालेल्या तीन मृतांचे कान तपासले, तेव्हां दोघांच्या कानांत तो सांपडला.

कान वाहण्याचा जुना रोग हाडांत उतरला म्हणजे तें हाड यंत्रानें कोरावें लागतें. हें यंत्र मिनिटाला हजारों फेरे घेतें. हाड तापूं नये म्हणून त्यावर पाणी सोडावें लागतें. मग पाणी, रक्त व अस्थिचूर्ण यांचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात. साधी कापडी मुखपट्टी त्यांना पुरी पडत नाहीं.

यावर उपाय आहेत. थांबण्यासारखी शस्त्रक्रिया सांथींत पुढें ढकलावी व रोग्याची आधीं तपासणी करावी. पू मेंदूकडे पसरत असेल तर मात्र थांबतां येत नाहीं. अशा वेळीं खोलींत आवश्यक तेवढींच माणसें असावींत. बारीक कणांपैकीं निदान ९५ टक्के अडविणारी एन-९५ मुखपट्टी सर्वांनीं बांधावी. जाड संरक्षक चष्मा सूक्ष्मदर्शकांतून पाहण्याच्या आड येतो. म्हणून कांहीं शल्यविशारदांनीं सूक्ष्मदर्शकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा बांधून तो रोग्याच्या डोक्यावर तंबूसारखा सोडला. हात आंत, चेहरा बाहेर, आणि तुषार ओढून घेण्यास आंत शोषकनळी! मात्र कोरणें थांबतांच तंबू उचलूं नये. आंतील तुषार प्रथम शोषून घ्यावे.

रक्तांतून पसरणाऱ्या काविळीसाठीं परिचारकांना लस देणें हें तर सांथ नसतांनाही अगत्याचें आहे.

आपल्या घरांतील कोणाची शस्त्रक्रिया अशा कारणानें लांबली, तर रुग्णालयावर रागावूं नये. परिचारिका आजारी पडली, तर दुसऱ्या दिवशींच्या रोग्याची शुश्रूषा कोण करणार?