वही जपली म्हणून कळलं

(शतकोत्तर सोहळ्याच्या सप्ताहात स्मरणग्रंथ समितीच्या वतीने केलेले निवेदन)



समितीचं काम सुरू झालं तेव्हा गावातली तरणी पोरं आम्हाला विचारायची, ‘जे बघायला आज कोणी हयात नाही, ते इतिहासवाल्यांना कळतं तरी कसं?’ आपल्या वारकऱ्यांच्या दाखल्यांवरूनच ते सांगतो.

पहिला दाखला दगडाचा. पंढरीच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख तुम्हा सर्वांच्या ओळखीचा. चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्याला पाठ घासत आले. अभ्यासकांनी तो वाचला, तेव्हा त्यात देवळाला देणगी देणाऱ्यांची नावं आणि रकमा निघाल्या. साल शके ११९५ ते ११९९. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १२७३ ते १२७७. त्यात रामदेवराव यादवाचं नाव आहे आणि त्याला पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटलं आहे. परंपरेप्रमाणे ज्ञानोबा माऊलींचा जन्म शके ११९७ चा. म्हणजे माऊली पाळण्यात होती, तेव्हा पंढरीत वर्गणीची यादी दगडावर चढत होती!

दुसरा दाखला कागदाचा, आणि तो आपल्याच पट्ट्यातला. तुकोबारायांची गाथा सरकारी मदतीने मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापली गेली. ती सिद्ध करताना पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर अशा चार ठिकाणच्या हस्तलिखित वह्या समोर ठेवल्या. कडूस हे तुकोबांचे टाळकरी गंगारामबुवा मवाळ यांचं गाव. पुढे चाकणच्या संताजी महाराज जगनाड्यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी गाथा छापली. चार वह्या कशाला, एक पुरली नसती का? नाही पुरत. नकलताना एखादा शब्द सुटतो, एखादी ओळ वाढते. वेगवेगळ्या घरांतल्या वह्या जिथं जुळतात तिथं भरवसा वाढतो. जुळत नाहीत तिथं थांबून विचार करावा लागतो, अक्षर कुणाचं, कागद किती जुना, कुणी कुणावरून उतरवलं.

तिसरा दाखला माणसाच्या आठवणीचा. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. ‘पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा वारीला गेले,’ असं एखादी आजी म्हणते. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, म्हणजे साल मिळालं. कोणी पिंपरीत पेनिसिलिनची कंपनी आली तेव्हाचं सांगतं, कोणी ७२ च्या दुष्काळाचं. आठवण अशी माहीत असलेल्या सालाच्या खुंटीला बांधली की उपयोगी पडते.

दिंडीच्या जुन्या वह्या उघडल्यावर त्यात तेल, पीठ, बैलांचा चारा, मुक्कामाची गावं सगळं पैशापैशानं लिहिलेलं सापडलं. विणेकरी आणि टाळकरी यांची नावंही आहेत. पण डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या एकाही बाईचं नाव नाही. वहीत नाही म्हणून त्या चालल्याच नाहीत, असं म्हणायचं का? ज्याच्या हातात लेखणी, त्याला दिसलं तेवढंच कागदावर येतं. त्या आयाबायांची नावं आता फक्त त्यांच्या लेकीसुनांच्या तोंडी उरली आहेत. ती माणसं गेली की नावंही जातील.

आपल्या पट्ट्यात जमिनी कंपन्यांना गेल्या. वाडे पाडून इमारती झाल्या. घर पाडताना माळ्यावरची ट्रंक रद्दीत जाते. मोडीतला कागद कुणाला वाचता येत नाही म्हणून चुलीत जातो. कोणी जीर्ण वह्या भक्तिभावानं इंद्रायणीत सोडतं. माऊली, तुकोबांची गाथा तरली. आपल्या आजोबांची वही तरायची नाही.

म्हणून हात जोडून विनंती आहे. घरात जुनी वही, पावती, फोटो, मोडी कागद असेल तर समितीला दाखवा. आम्ही फोटो काढून तिथल्या तिथं परत देऊ, कागद तुमच्याच घरी राहील. शेतात, देवळामागं अक्षरं कोरलेला दगड वा वीरगळ असेल तर त्याला शेंदूर, ऑइलपेंट लावू नका, पायरीला वापरू नका. आणि आज संध्याकाळी घरातल्या म्हातारीजवळ बसा. तिच्याबरोबर तुळस घेऊन कोण कोण चालायचं ते विचारा आणि नावं लिहून घ्या.

रामकृष्ण हरी!