कॉम्प्युटर आपला, हुकूम कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



सल्ला केंद्रातल्या केसच्या फायली कपाटात असायच्या तेव्हा किल्ली कुणाकडे आहे, हे प्रत्येकीला ठाऊक असायचं. आता त्या कॉम्प्युटरवर गेल्या. बाईचं नाव, पत्ता, नवऱ्यापासून लपून ती सध्या कुठे राहते, सगळं त्यात. ऑफिसातले तीन-चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. आणि अपडेट करायला जावं तर पडद्यावर ओळ येते: काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत. आपण म्हणतो, संस्था म्हणजे आपणच की! बहुतेक वेळा तसं नसतं.

अपडेट हवं कशाला? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. जोडलेल्यांपैकी एका कॉम्प्युटरमध्ये शिरला की कुणी काही न उघडताही तो शेजारच्यात जाई, फायलींना कुलूप घाली आणि पैसे मागे. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या भोकाला मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच ठिगळ दिलं होतं. ते लावायचं राहून गेलं होतं. म्हणजे कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर मागे राहिला, तरी धोका सगळ्यांना.

साधी कारणं आधी बघा. डिस्क भरलेली असते. किंवा इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येतं आणि ते ‘मीटर्ड’ म्हणून नोंदलेलं असतं. मग विंडोज डेटा वाचवायला बहुतेक अपडेट्स थांबवून ठेवतं.

खरी गोम पुढे आहे. आपल्याकडचे बरेच कॉम्प्युटर कुठल्या तरी कंपनीने दान दिलेले. मोठ्या कंपनीत अपडेट्स आणायला, तपासायला आणि वाटायला स्वतःचा सर्व्हर असतो. त्याचा पत्ता प्रत्येक यंत्रात घालून ठेवतात. कंपनीने यंत्र दिलं, पण पत्ता पुसला नाही. मग ते आपल्या टेबलावर बसून जुन्या मालकाचा सर्व्हर शोधत राहतं.

दुसरा प्रकार अगदी ओळखीचा. दुरुस्तीला येणारा भाऊ विंडोजची चोरटी प्रत टाकतो, अपडेटची सर्व्हिसच बंद करतो आणि सांगतो, “ताई, अपडेट केलं की मशीन स्लो होतं. हात लावू नका.” ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्याच्याकडेच. पोलीस ठाण्यात फौजदाराला कलम विचारणाऱ्या आपण, इथे मात्र मान डोलावतो!

तेव्हा विचारायचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स असं गेलं की ‘कॉन्फिगर्ड अपडेट पॉलिसीज’ सापडतं. तिथे लादलेल्या नियमांची यादीच असते. नंतर ‘अकाउंट्स’मध्ये ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. जुन्या कंपनीचं खातं दिसलं तर ते तोडायचं. पण आधी आपल्या हातात ॲडमिनिस्ट्रेटरचं चालू खातं आहे ना, ते बघा. नाहीतर आपणच बाहेर राहू. दानाच्या यंत्राला माझ्या मते एकच उपाय: आपल्या फायलींची प्रत काढून डिस्क पूर्ण कोरी करायची आणि विंडोज नव्याने टाकायचं. जुन्या मालकाने त्यात आणखी काय ठेवलंय कुणास ठाऊक. एवढं करूनही ते कंपनीचंच लॉगिन मागू लागलं, तर यंत्र अजून त्यांच्या नावावर आहे. ते फक्त त्यांनाच सोडवता येतं, पत्र लिहा.

आपलं केंद्र इस्पितळात किंवा कॉलेजात असेल आणि कॉम्प्युटर त्यांच्या जाळ्यातला असेल, तर नियम स्वतः काढू नका. तो वरून परत येऊ शकतो. तिथे लेखी अर्ज करा: शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला झालं, अडलं असेल तर का, जबाबदार कोण. पोच घ्या.

विंडोज १० चं नेहमीचं फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. नाव नोंदवून वाढीव मुदत घेतली नसेल, तर तिथे अडलेलं काही नाही, यायचंच बंद झालंय. अशा यंत्रावरून केसच्या फायली आधी हलवा. यंत्र ११ पेलत नसेल तर लिनक्स टाकता येतं, ते फुकट आहे.

चहानंतर इथले तीन कॉम्प्युटर उघडू. माउस ज्यांनी कधी हातात घेतला नाही, त्यांनी पुढे बसायचं. पासवर्ड कुणाकडे आहे, त्याला आत्ताच फोन लावा.