दाभाडे घराण्याची वंशावळ आणि उमाबाई

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वंशावळीचा कागद मोठ्या जपणुकीनें ठेविलेला असतो. मूळपुरुषापासून निघालेली रेघ मुलाकडे आणि तेथून नातवाकडे उतरत जाते. ही रेघ केवळ कौतुकासाठीं ओढलेली नसे. वतनाचा तंटा उभा राहिला किंवा भाऊबंदांत वांटणीची वेळ आली, म्हणजे हक्क कोणाचा हें ठरविण्यास हाच पुरावा पुढें येई. हक्क पुत्रपरंपरेनें चालत; म्हणून कागदावरहि पुत्रांचींच नांवें उरलीं. सुना आणि लेकी यांना तेथें सहसा जागा मिळाली नाहीं. मावळांतील तळेगांवच्या दाभाडे घराण्याची वंशावळ वाचतांना ही उणीव विशेष जाणवते. कारण, ज्या बावीस वर्षांत त्या घराण्याचें भवितव्य ठरलें, त्या वर्षांत त्याचीं सूत्रें एका सुनेच्या हातीं होतीं.

येसाजी दाभाडे हे शिवछत्रपतींच्या पदरचे विश्वासू सेवक. त्यांचे पुत्र खंडेराव यांनीं बागलाण व गुजराथ या प्रांतांत मराठ्यांचा अंमल बसविण्यासाठीं वर्षानुवर्षें मोहिमा केल्या आणि सन १७१७ मध्यें शाहू महाराजांनीं त्यांस सेनापतिपद दिलें. खंडेरावांची पत्नी उमाबाई. नाशिककडील अभोणे येथील देवराव ठोके देशमुख यांची ती कन्या. माहेरच्या मुलुखांतील सप्तशृंगगडाच्या चढणीवर तिनें सन १७१० मध्यें पायऱ्या बांधविल्या. देवीच्या यात्रेकरूंना तिची ओळख आहे ती त्या पायऱ्यांमुळें.

सन १७२९ मध्यें खंडेराव निवर्तले. सेनापतिपदाचीं वस्त्रें थोरले पुत्र त्रिंबकराव यांस मिळालीं. पण गुजराथच्या चौथाईवर दाभाड्यांचा जो जुना हक्क होता, त्यांत बाजीराव पेशव्यांनीं हात घातला, आणि वाद विकोपास गेला. ता. १ एप्रिल १७३१ रोजीं डभईजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींस भिडल्या आणि त्रिंबकराव रणांत पडले. दोन वर्षांत पति गेला, पुत्र गेला. आणि पुत्राचा घात स्वकीयांच्या हातून झाला.

खुद्द शाहू महाराज बाजीरावांस घेऊन तळेगांवीं आले, पेशव्यांस त्यांनीं त्या माउलीच्या पायांवर घातलें आणि तिच्या हातीं तलवार देऊन सूड घेण्यास सांगितलें, पण तिनें ती चालविली नाहीं, अशी कथा सांगतात. कथेंतील तपशील कसाहि असो, परिणाम इतिहासांत स्पष्ट आहे. उमाबाईनें समेट पत्करला. सेनापतिपद दुसरे पुत्र यशवंतराव यांस मिळालें, आणि गुजराथचें अर्धें उत्पन्न शाहू महाराजांच्या खजिन्यांत जावें असें ठरलें. यशवंतराव वयानें लहान होते. शिक्क्यांत नांव मुलाचें आणि कारभार आईचा, अशी रीत तेव्हांपासून सुरू झाली.

पुढच्याच वर्षीं तिची परीक्षा झाली. मारवाडचे राजे अभयसिंग हे त्या वेळीं बादशहाच्या वतीनें गुजराथचे सुभेदार होते. त्यांच्या माणसानें डाकोर येथें दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा दगा करून खून केला. उमाबाई स्वतः फौज घेऊन निघाली आणि अहमदाबादेवर चालून गेली. त्या काळीं विधवेनें घराचा उंबरठा ओलांडणें हेंहि अवघड; तेथें ही बाई सुभेदाराच्या राजधानीला भिडली. अभयसिंगांस चौथ व सरदेशमुखी मान्य करणें भाग पडलें. या पराक्रमाबद्दल शाहू महाराजांनीं तिच्या पायांत सोन्याचे तोडे घातले, असें सांगतात.

सन १७४९ च्या अखेरीस शाहू महाराज वारले आणि ज्याच्या शब्दावर समेट टिकला होता तोच आधार नाहींसा झाला. बाळाजी बाजीराव पेशव्यांनीं अर्ध्या गुजराथची मागणी नेटानें पुढें मांडली. उमाबाईनें सन १७५० मध्यें आळंदीस त्यांची भेट घेतली. तो करार बळजबरीचा होता, तो रद्द व्हावा, हें तिचें म्हणणें. पेशव्यांनीं तें मानलें नाहीं. तेव्हां पेशव्यांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या ताराबाईंचा पक्ष तिनें धरिला, आणि पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड यांस फौजेसह साताऱ्याकडे धाडलें. आरंभीं दमाजींस यश आलें. पण पेशवे त्वरेनें परतले, आणि सन १७५१ च्या उन्हाळ्यांत दमाजी व दाभाडे कुटुंब दोघेहि त्यांच्या कैदेंत पडले.

या डावांत दाभाड्यांचें सर्वस्व गेलें. दमाजींनीं पुढें अर्धी गुजराथ पेशव्यांस देऊन आपली सुटका करून घेतली आणि दाभाड्यांची चाकरीहि सोडली. चाकराचें घराणें बडोद्याचें राजघराणें झालें; धन्याचें घराणें मागें पडलें. सन १७५३ मध्यें उमाबाईनें पुण्यास देह ठेविला. तळेगांवीं बाणेश्वराच्या मंदिराशीं तिची समाधि आहे.

सन १७३१ मध्यें पुत्रशोक गिळून जिनें घर राखलें, तिनेंच वीस वर्षांनीं तें पणाला लावलें. यांस कोणी हट्ट म्हणेल. पण हक्क सोडून उरलेलें घर म्हणजे केवळ नांवाची सेनापती, हें तिनें ओळखलें होतें. वंशावळींत खंडेरावांच्या खालीं त्रिंबकराव, त्यांच्या शेजारीं यशवंतराव, अशी रेघ जाते. रेघ बरोबर आहे. पण ती ज्या हातानें इतकीं वर्षें तुटूं दिली नाहीं, त्या हाताचें नांव तीमध्यें नाहीं. आणि तें ठाऊक असल्यावांचून दाभाड्यांचा उदय व अस्त या दोहोंचाहि अर्थ लागत नाहीं.